लेकुरवाळीची पाठ

बजाजनगर
९ जून २०२५

ती. मामांस,
करुणाचा सप्रेम जय भीम.

परवा दौलताबादला येऊन गेले, पण बोलणं काही झालंच नाही. तुमच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं. नोकरी कशी चाललीय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या कानाशी ओरडून दिलं, तर समोरचा रसवंतीवाला म्हणाला, "बरं झालं ताई." कानाचं यंत्र तुम्ही डबीत घालून कपाटात ठेवता. वर म्हणता, ते घातलं की सून काय बोलते ते ऐकू येतं. आता पत्राशिवाय इलाज नाही.

तर उत्तर असं, की नोकरी चांगली आहे आणि मला तिची रोज भीती वाटते. ज्या गोदाकाठ संग्रहालयात तुम्ही एकतीस वर्षं शिपाई होता, तिथं तुमच्या शब्दावर मला घेतलं. "सर्जेरावांची भाची, म्हणजे विचारायलाच नको," असं इंद्रजीत सर सगळ्यांसमोर म्हणाले. सर आता संग्रहालयाचे प्रमुख आहेत. माझं काम म्हणजे एकेक वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची आणि चहूबाजूंनी तिचे तीनशे फोटो काढायचे. संगणक ते जोडून अख्खी वस्तू उभी करतो. मग ती वेबसाइटवर जाते आणि जगातल्या कुणालाही बोटानं फिरवून, उलटी करून, हवी तेवढी मोठी करून बघता येते.

भीती उचलण्याची वाटते. काचेतून काढून पाटापर्यंत चारच पावलं आहेत, पण तेवढ्यात तळहाताला घाम फुटतो. कंत्राट डिसेंबरपर्यंतचं. एक टवका उडाला तर कंत्राट जाईलच, तुमचं नावही जाईल. मामा, एकतीस वर्षांत तुम्हाला कधी अशी भीती वाटली नाही का?

पुढच्या सोमवारी ११२ नंबर आहे, तुमची लेकुरवाळी. वीतभर उंचीची भाजल्या मातीची बाई, कडेवर मूल, वय दोन हजार वर्षं. रजिस्टरमध्ये तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात एवढंच लिहिलंय, 'मागील बाजू : केस बांधलेले.' ती जन्मभर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आता पहिल्यांदा सगळ्यांना तिची पाठ दिसेल.

तुमची,
करुणा


दौलताबाद
१३ जून २०२५

चि. करुणास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र काल मिळालं. मी बरा आहे. सम्यक आणि सूनबाई बरे आहेत. उकाडा लई आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो, भीती वाटायची. रोज वाटायची.

आता काम. ११२ नंबर आत्ता घेऊ नकोस. ती बाई नाजूक झाली आहे. तुमच्या त्या दिव्यांची धग लागली तर तडकेल. सरांना सांग, पावसाळा गेल्यावर घेऊ. मला विचारलंस असं सांग. तोवर नाणी घे, दगडी जाती घे, बिदरीचे हुक्के घे. त्यांना काही होत नाही.

आणि तिच्या पाठीत बघण्यासारखं काही नाही. मी एवढी वर्षं झाडपूस केली, मला ठाऊक आहे. पुढून बघ की. मुलाकडे वळलेली मान बघ, कानातली कुंडलं बघ. मूर्ती घडवणारा पुढूनच घडवतो. बाईमाणसाची पाठ चारचौघांत कशाला फिरवत बसायची?

हे ऐकशील असं धरून चालतो. उत्तर ताबडतोब टाक.

तुझा,
सर्जेराव मामा


बजाजनगर
२१ जून २०२५

ती. मामांस,
जय भीम.

तुमचं पत्र सतरा तारखेला मिळालं आणि लेकुरवाळी सोळालाच झाली. रागावू नका. दिवे थंड असतात, मी हात लावून बघितलेत. तिला काही झालेलं नाही.

झालंय ते मला. सांगते.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. स्कॅनच्या खोलीत मी एकटीच होते, दुपारचे चार वाजले असतील. फोटो जोडून झाले आणि पडद्यावर लेकुरवाळी उभी राहिली, माणसाएवढी. मी तिला बोटानं हळूच फिरवलं. मामा, तिच्या मानेवर अंबाडा आहे. छान घट्ट, जरा डावीकडे कललेला, घाईत बांधल्यासारखा. मी तो मोठा करत गेले. अंबाड्याच्या खालच्या अंगाला, मानेला टेकतो तिथं, एक खळगा होता. आणखी मोठा केला. खळग्यात रेषा होत्या.

अंगठा आहे तो. माणसाचा अंगठा, रेघन् रेघ उमटलेला. मधून एक तिरकी चीर गेलेली, जुनी जखम असावी तशी. नुसत्या डोळ्यांना तो चिंचोक्याएवढा डाग दिसतो. पडद्यावर तो भाकरीएवढा होता आणि इतका ताजा, की वाटलं कुणीतरी आत्ताच हात उचललाय आणि माझ्या मागे उभं आहे. मी मागे वळून बघितलं, खरंच बघितलं. मग संगणक तसाच सोडून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. ते खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. मग म्हणाले, "करुणा, दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर तू पकडलास." आमच्याकडच्या बाकी सगळ्या मातीच्या बायांना वेण्या आहेत, फक्त हिला अंबाडा. सरांनी त्यावर दोन पानं लिहिली, की लेकुरवाळ्या बाईला वेणी घालायला सवड कुठली, हे त्या काळच्या कारागिरानं बरोबर हेरलंय. माझ्या नावानं टिपण वेबसाइटवर गेलं. मथळा मीच दिला, 'दोन हजार वर्षांचा अंगठा'.

तुम्ही रोज पुसत होतात आणि तुम्हालाही दिसला नाही ना? पुढच्या रविवारी टॅब घेऊन येते. स्वतः बोटानं मोठा करून बघा.

तुमची,
करुणा


दौलताबाद
२५ जून २०२५

चि. करुणा,

येऊ नकोस. मला ते बघायचं नाही.

जमत असेल तर ते पान काढून टाक. चूक झाली म्हण, यंत्र बिघडलं म्हण, काहीही म्हण. निदान तुझं नाव काढ. मी तुला कधी काही मागितलं नाही, हे एक मागतो. कारण विचारू नकोस.

सर्जेराव


बजाजनगर
२८ जुलै २०२५

ती. मामांस,
जय भीम.

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. एका रविवारी आले तर तुमच्या सूनबाई म्हणाल्या, मामा किल्ल्याकडे फिरायला गेलेत. तुमच्या चपला दारातच होत्या. माझं काय चुकलं ते तरी सांगा.

पान काढणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. अंगठा फार लांब गेला. वर्तमानपत्रात आला. परदेशातून रोज शेकड्यांनी लोक बघतात. कुणी लिहितं रडू आलं, कुणी त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून फोटो पाठवतं. सरांनी तो संग्रहालयाची खूण म्हणून घेतलाय. तिकिटावर अंगठा, पिशवीवर अंगठा, फाटकावर दहा फुटी फलक, त्यावरही अंगठा. लोक येतात, फलकासमोर फोटो काढतात आणि आत जाऊन हिरमुसतात. शाळेची एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, "खरी एवढीशीच आहे?" तिच्या बाईंनी तिला फोनवर मोठी करून दाखवली, तेव्हा तिचं समाधान झालं. आणि खरी वीतभर बाई तिथंच उभी होती, समोर! मला तिची कीव आली.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. डॉ. तनुजा म्हणून पुण्याच्या एक तज्ज्ञ चौदा ऑगस्टला येताहेत. त्या मूर्तीची कणभर माती खरवडून नेणार. ती माती शेवटची कधी भाजली ते प्रयोगशाळेत कळतं. दोन हजार वर्षं हे एकदा छापून आलं, की खूण पक्की होईल, असं सर म्हणतात. माती कुठून घ्यायची ती जागा नकाशावर दाखवून, सही करून आदल्या दिवशी द्यायची आहे, आणि ते काम माझ्याकडे आहे. सर म्हणतात, अंबाड्यातूनच घे, अंगठ्याजवळून, म्हणजे कुणी शंका काढायला नको.

मी काल पुन्हा अंबाडा मोठा करून बसले होते. मामा, अंबाड्याची माती मानेच्या मातीहून जरा काळपट आहे. जोडावर केसाएवढी पिवळी रेघ आहे, वाळलेल्या डिंकासारखी. आधी मी फक्त अंगठाच बघितला होता. कुणालाच सांगितलेलं नाही. रजिस्टर काढलं, तर तुमचं अक्षर. त्याआधीचं जुनं रजिस्टर कसरीनं खाल्लं म्हणून तुम्हीच नवं उतरवून काढलंत, हे बद्रीनाथ कारकुनानं सांगितलं.

तुमची तेरा जूनची आणि पंचवीस जूनची पत्रं आज पुन्हा वाचली. मला खरं काय ते सांगा.

करुणा


दौलताबाद
२ ऑगस्ट २०२५

चि. करुणास,
जय भीम.

तुझ्या पत्रानं पाचावर धारण बसली, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. एकोणतीस वर्षं ज्या पत्राची धास्ती होती ते शेवटी तुझ्याच हातचं आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात इतकी वर्षं भर दुपारी पडलेलं आहे. किल्ल्याकडे गेलो नव्हतो. मागच्या खोलीत कोंडून बसलो होतो.

सगळं लिहितो. सम्यकलाही हे माहीत नाही.

मला एक खोड होती. संध्याकाळी दालन बंद करताना मी ११२ चं कपाट उघडायचो आणि लेकुरवाळीला हळूच फिरवून तिची पाठ बघायचो. तिला वेणी होती, करुणा. पाठीवर कंबरेपर्यंत आलेली, पेड न् पेड मोजून घ्यावा अशी. घडवणाऱ्यानं ती कुणासाठी घडवली कोण जाणे, कारण उभी ती भिंतीकडे पाठ करून. ती वेणी सगळ्या दुनियेत मी एकटाच बघत होतो, याची मला लई घमेंड होती. आता तुझ्या यंत्रानं पाठ बघणं साऱ्यांना फुकट करून दिलं, आणि बघायला मिळतंय काय, तर माझं पाप.

शहाण्णव सालची दिवाळी. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस सुट्टी होती. नेहमीसारखी तिला उचलली आणि हात घामेजला होता. पडली नाही, कपाटाच्या कडेला पाठीवर आपटली. वेणी फुटून खाली पडली. बाकी सगळी धड. मी खाली बसून तुकडे वेचले, ते काही जुळेनात, आणि तिला डब्याच्या पिशवीत घालून बसनं घरी आणली. हो, घरी आणली. हा दुसरा गुन्हा. बसमध्ये दोन्ही हातांनी पिशवी धरून बसलो होतो आणि प्रत्येक थांब्यावर वाटत होतं, आता पोलीस चढतील.

केसरनं बघितलं. तुझी मामी तेव्हा चुली थापून बाजारात विकायची हे तुला माहीत आहे. मी तर रडतच होतो. ती म्हणाली, "आणा इकडं. माती ती माती." मी वेणी कशी होती ते सांगू लागलो तर म्हणाली, "वेणी मला नाय जमायची. अंबाडा करते. लेकुरवाळीला वेणी घालायला वेळ कुठं असतो?" तुमच्या सरांनी दोन पानं लिहिली ना, ती ही अशी.

चुलीची माती चाळून, कुटून तिनं अंबाडा केला, सावलीत वाळवला, गोवऱ्यांत भाजला. मी सुताराकडच्या गोंदानं चिकटवला. चिकटवताना मला तो अंगठा दिसला. चार बायकांच्या चुली एकाच मैदानात वाळत पडायच्या, त्यात आपली कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीची खूण असायची. केसर चूल झाली की मागच्या अंगाला डावा अंगठा दाबायची. तोच हात इथंही फिरला. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "सवय झाली ओ हाताला. आन् मागं कोण बघतंय?"

मागं कोण बघतंय. मीही तेच म्हणालो आणि तिला नेऊन भिंतीला लावली. पुढं दोन वर्षांनी जुन्या रजिस्टराची नक्कल करायचं काम आलं. त्यात 'पाठीवर वेणी' असं होतं. मी 'केस बांधलेले' लिहिलं. हा तिसरा गुन्हा, आणि तो मी अगदी सुवाच्य अक्षरात केला.

केसर त्यानंतर थोड्याच दिवसांत साक्षरता वर्गात सही शिकली. रेशनच्या दुकानात तिला 'अंगठाबहाद्दर आली' म्हणायचे, ते तिला फार लागायचं. सही आल्यावर तिनं पुन्हा कुठं अंगठा दिला नाही. चुलीवरसुद्धा काडीनं 'के' काढू लागली. तू लहानपणी तोच 'के' बघितलास, म्हणून तुला ओळखू आलं नसेल. जिला अंगठ्याची एवढी लाज, तिचा अंगठा तुम्ही दहा फुटी करून फाटकावर लावला. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली, हे बरं झालं की वाईट, कळत नाही.

मला आता काय काय होईल ते सगळं डोळ्यांपुढं दिसतं. पोलीस, पेन्शन बंद, सम्यकला लोकांचे टोमणे. त्याहून जास्त भीती तुझी. माझी भाची, माझ्या शब्दावर लागलेली, आणि टिपणावर तुझं नाव. लोक म्हणतील दोघांचं संगनमत होतं.

म्हणून एकच सांगतो. माती अंबाड्यातून घेऊ देऊ नकोस. पायातून घे म्हणावं. पाय खरे आहेत, दोन हजार वर्षांचे आहेत. खोटं काही बोलायचं नाही, फक्त जागा बदलायची आहे. एवढं कर. हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझा,
सर्जेराव मामा


बजाजनगर
९ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
जय भीम.

पत्र जाळलं नाही. जाळायला बसले होते, पण काडी पेटवताना हात धजेना. माझ्या कपड्यांच्या घडीत आहे.

आईच्या लग्नात मामीनं दिलेली चूल आठवते तुम्हाला? गॅस आल्यापासून ती आमच्या जिन्याखाली पडून आहे, तिच्यावर धान्याचा डबा असतो. काल आई बाजारात गेल्यावर मी तो डबा उतरवला आणि चूल फिरवली. मागच्या अंगाला खळगा आहे. मी फोननं फोटो काढला आणि लेकुरवाळीच्या अंगठ्याशेजारी ठेवला. तीच तिरकी चीर, मामा. त्याच ठिकाणी, तशीच. मी तिथं जिन्याखालीच बसून राहिले.

दोन महिन्यांपूर्वी या अंगठ्याला घाबरून मी खोलीबाहेर पळाले होते. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटलं होतं. उभी होती ती मामी, जी मला दह्याची साय काढून द्यायची. आता तिची भीती वाटत नाही, बाकी सगळ्यांची वाटते.

तुम्ही सांगितलंत तसं केलंय. नकाशावर उजव्या पायाच्या बैठकीवर खूण केली आणि खाली सही केली. कारण लिहिलं, 'अंबाडा नाजूक असल्याने'. सर बाहेरगावी आहेत, कागद तेराला त्यांच्या टेबलावर जाईल. मला वाटलं होतं, सही केली की हलकं वाटेल. पण तेव्हापासून कुणी 'करुणा' अशी हाक मारली तरी दचकते. काल फाटकातून आत येताना तो फलक बघवेना म्हणून मान खाली घातली. मग लक्षात आलं, की आता रोज अशीच येणार. पुढची एकतीस वर्षं, कंत्राट वाढलं तर.

तुम्ही कसं काढलंत हो?

करुणा


दौलताबाद
१६ ऑगस्ट २०२५

चि. करुणास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

अक्षर वाईट आलंय, सांभाळून घे. हात अजून ठिकाणावर नाही. चौकशी होईपर्यंत तुझ्याशी बोलायचं नाही असं इंद्रजीत सरांनी मला बजावलंय. पत्राचं ते काही बोलले नाहीत.

तुझं पत्र बाराला मिळालं. शेवटची ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. कसं काढलंत. त्याचं उत्तर द्यायचं तर ते तुला शिकवण्यासारखं झालं असतं, म्हणून ठरवलं की आपण जाऊन यावं. मी वाचावं म्हणून तुला खोटं करायला लावलं आणि तू ते केलंस. माझ्या बोटांची माती तुझ्या बोटांना लागली. हे केसरला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

चौदाला सकाळी सहाच्या बसनं निघालो. कानाचं यंत्र घातलं. खिशात केसरची मिश्रीची डबी होती. फाटकाशी तो फलक दिसला. परत फिरावं म्हणून रस्त्यापर्यंत गेलोसुद्धा. एक रिक्षावाला म्हणाला, "बाबा, किधर जाना है?" मी फाटकाकडे बोट दाखवलं. मग आत गेलो.

तू दालनाच्या दारात उभी होतीस. मला बघून तुझा चेहरा उतरला. तुझ्याकडे न बघता पुढं गेलो, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

खोलीत सर होते, त्या तनुजाबाई होत्या, आणि लेकुरवाळी टेबलावर आडवी ठेवलेली, खाली मऊ कापड. मागं भिंतीवर मोठा पडदा. सरांनी "या सर्जेराव" म्हणून खुर्ची दिली. मी म्हणालो, "साहेब, हा अंगठा माझ्या बायकोचा हाय." त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ते हसले. मग मी डबी उघडून टेबलावर ओतली. वेणीचे अकरा तुकडे. एकोणतीस वर्षं मिश्रीच्या वासात राहिलेले. टाकून देणं मला कधी जमलं नाही.

तनुजाबाईंनी एक तुकडा चिमट्यानं उचलला, बराच वेळ बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वेणी." मी सोडून इतक्या वर्षांत तिची वेणी बघणारं ते पहिलं माणूस.

सरांनी विचारलं, अंगठा तिचाच कशावरून? त्यांनी पडद्यावर तो आणला. जे बघायचं नाही म्हणून तुला येऊ दिलं नव्हतं, ते समोर आलं. मोठ्या परातीएवढा. तिच्या हयातीत तिच्या अंगठ्याकडे मी असं कधी बघितलंच नव्हतं, करुणा. माणूस शेजारी असतं तेव्हा बघायचं कोण? ती तिरकी चीर दिसली आणि मी उठून पडद्याजवळ गेलो. म्हणालो, ही विळ्याची. बाजरी सोंगताना लागली होती, सम्यक पोटात होता तेव्हा. चिंधी मीच बांधली होती. पडद्याला हात लावला तर तो गार, गुळगुळीत. त्यात माती नव्हती.

सरांचा चेहरा पांढरा झाला होता. ते ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "तुमच्यामुळं सगळ्या जगात आमचं हसं होणार." मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, करुणाला माहीत होतं का? मी म्हणालो, नाही. हा चौथा गुन्हा समज, पण हा मी कबूल करणार नाही. तुझा नकाशा टेबलावर होता. तनुजाबाईंनी त्यावरची पायाची खूण बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता तो कागद घडी करून आपल्या पिशवीत टाकला. त्यांना कळलं असावं. पुढं त्या काय करतील ते सांगता येत नाही, म्हणून भीती आहेच. तुला स्वतःहून सरांना सांगावंसं वाटलं तर मी अडवणार नाही. माझ्यासारखी वाट बघत बसू नकोस.

वेबसाइटवरचं पान काढणार, फलक उतरवणार. अंबाडा सोडवून वेणी जोडता येईल असं तनुजाबाई म्हणाल्या. अंबाड्याचं काय करणार विचारलं तर म्हणाल्या, चौकशी संपेपर्यंत तो पुरावा आहे, कपाटात राहील. पेन्शनचं वरचे लोक ठरवतील. सम्यकला मी काल सांगितलं. तो जेवला नाही.

शेवटी सरांनी माझा जबाब लिहून घेतला आणि एका नव्या कारकुनानं तो सहीसाठी पुढं सरकवला. पेन धरला, पण हात इतका हलत होता की 'स' सुद्धा उमटेना. दोन कागद बिघडले. त्यानं विचारलं, "बाबा, शिकलेले नाय का?" ज्या माणसानं त्याच इमारतीतलं अख्खं रजिस्टर आपल्या हातानं उतरवलं, तो मी म्हणालो, "नाय."

त्यानं शाईचा पॅड पुढं केला. मी डावा अंगठा दिला, जन्मात पहिल्यांदा. शाई गार लागली. केसर रेशनच्या दुकानातून आल्यावर तो अंगठा पदरानं का घासत बसायची, ते मला आत्ता कळलं.

सरांनी माझ्या जबाबाला पुरावा म्हणून तू काढलेला तो मोठा फोटो टाचून लावला आणि फाइल बंद केली. आता आम्हा नवराबायकोचे अंगठे एका फायलीत आहेत.

तुझा,
सर्जेराव मामा